चावी कुणाच्या खिशात?

ऑफिसात एखाद्याला खरोखर अस्वस्थ करायचं असेल तर त्याचा पगार विचारू नका, वय विचारू नका. त्याच्या कपाटाची चावी मागा. "कशाला हवीय?" हा प्रश्न इतक्या चटकन येतो की वाटावं, आत फायली नसून आजीच्या पाटल्या ठेवल्यात! आता कपाटाच्या जागी लॅपटॉप आलाय आणि चावीच्या जागी पासवर्ड. प्रश्न मात्र तोच आणि तो विचारतानाचा चेहराही तोच.

गेलं दीड वर्ष मी हा चेहरा जवळजवळ रोज बघतेय. कारण आमच्या ऑफिसात 'रेकॉर्ड मॅनेजमेंट' सुरू करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. नाव ऐकूनच जांभई आली ना? येऊ दे. कुठला कागद कुठे ठेवायचा, किती वर्षं ठेवायचा, कुणी बघायचा आणि कधी फाडायचा, एवढं ठरवायचं असतं. पंधरा दिवसांत उरकेल असं आमच्या सरांना वाटलं होतं.

आमची कंपनी पुण्यातली, इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टिंगची. साठेक माणसं. हॉस्पिटलं, कारखाने, मोठाल्या सोसायट्या यांचं वायरिंग, पॅनेल, ट्रान्सफॉर्मर असलं सगळं आम्ही करतो. लोकांना वाटतं, हा धंदा तांब्याच्या तारेवर चालतो. तो चालतो कागदावर. वर्क ऑर्डर, ड्रॉइंग, डिलिव्हरी चलन, मेजरमेंट शीट, एक्स्ट्रा आयटमचं पत्र, टेस्ट रिपोर्ट, कम्प्लीशन सर्टिफिकेट... यातलं एक पान हरवलं की बिल अडकतं. शिवाय काम संपल्यावर क्लायंट बिलातले पाच टक्के राखून ठेवतो आणि वर्षभरात काही बिघाड झाला नाही तरच सोडतो. याला रिटेन्शन म्हणतात. स्पर्धा इतकी आहे की पुष्कळदा आमचा नफा म्हणजे हेच पाच टक्के. ते मिळवायचे तर काम कधी संपलं याचा सहीशिक्क्याचा कागद दाखवावा लागतो. तो कुठे असतो? "असेल की इथेच कुठेतरी!"

हजार टिंबं

मी येण्याआधी हा प्रयोग दोनदा होऊन फसला होता. पहिल्यांदा सर्क्युलर निघालं. 'सर्वांनी आपापल्या फायली सेंट्रल फोल्डरमध्ये टाकाव्यात, अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल.' योग्य ती कारवाई म्हणजे काय ते कुणी विचारलं नाही आणि फायलीही कुणी टाकल्या नाहीत.

दुसऱ्यांदा सॉफ्टवेअर आणलं. डेमो झाला, सामोसे झाले, टाळ्या झाल्या. त्या सॉफ्टवेअरचा फंडा असा की चौदा रकाने भरल्याशिवाय फाइल सेव्हच व्हायची नाही. मग पब्लिकने काय करावं? 'विभाग' या रकान्यात टिंब. 'प्रोजेक्ट कोड'मध्ये टिंब. 'कीवर्ड'मध्ये दोन टिंबं, कारण तिथे किमान दोन अक्षरं सक्तीची होती. मी जॉइन झाल्यावर कुतूहल म्हणून त्यात सर्च मारलं, तर समोर टिंबांचा पाऊस. लायसन्सचे पैसे दर वर्षी जातच होते.

या दोन्ही वेळी लोकांना शिव्या घालण्यात आल्या. आळशी आहेत, जुन्या विचारांचे आहेत, बदल नको असतो यांना वगैरे. मला हे पटलं नव्हतं. जो माणूस साध्या पेट्रोलच्या पावतीच्या दोन झेरॉक्स काढून एक घरी ठेवतो, तो आळशी कसा? त्याच्या मागे काहीतरी कारण असणार.

म्हणून मी प्रेझेंटेशन बिझेंटेशन काही केलं नाही. एक दोनशे पानी वही घेतली आणि महिनाभर चहाच्या वेळी एकेकाच्या टेबलाशी जाऊन बसले. प्रश्न एकच. "गेल्या आठवड्यात काय काय शोधलंत आणि ते कुणाकडे सापडलं?" या वाक्यातला महत्त्वाचा शब्द 'कुणाकडे'. कारण आमच्याकडे कागद जागेवर सापडत नाही, माणसाकडे सापडतो. महिन्याभराने वही उलटीसुलटी चाळली तर त्या रकान्यात फिरून फिरून तीनच माणसं. अकाउंट्सचे काका, स्टोअरचे मामा आणि टेंडरवाली ताई.

यातली ताई त्या वेळी बाळंतपणाच्या रजेवर होती! तरी तिला रोज फोन. रात्री दहाला, बाळ नुकतं झोपलेलं असताना, "सॉरी हं, फक्त एकच विचारायचं होतं..." मी तिला भेटायला घरी गेले तेव्हा समोरच दोन फोन आले. तिसरा आला तेव्हा तिने तो सासूबाईंच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "तुझा तो प्रोग्रॅम काय आहे मला माहीत नाही. पण रजेवर असताना मला फोन येणार नाही एवढं होणार असेल, तर माझी सही आत्ता घे."

मला माझी जाहिरात मिळाली. कम्प्लायन्स, एफिशियन्सी, गव्हर्नन्स हे शब्द मी त्या दिवसापासून टाकून दिले. पुढे जो कुणी "यात आम्हाला काय मिळणार?" असं विचारायचा, त्याला मी एवढंच सांगायचे, "तू गोव्याला गेलास तर तुला फोन येणार नाही." तिशीच्या आतली सगळी जनता एका आठवड्यात माझ्या बाजूला आली. (खरं सांगायचं तर एक जण फक्त विचारायला आला होता की फोन येऊ नये, पण आपल्यावाचून अडलंय हे बॉसला कळावं, अशी काही सोय आहे का.)

काकांची चिठ्ठी

तिशीच्या वरचं काय? तिथे होते काका.

काका नोकरीत एकतीस वर्षं. पुढच्या मार्चमध्ये रिटायर होणार. त्यांच्या खुर्चीमागे तीन गोदरेजची कपाटं आणि तिन्हींच्या चाव्या त्यांच्या खिशात, एका लाल दोऱ्यात. 'काका कोऑपरेट करत नाहीत' हे मला पहिल्याच दिवशी तीन जणांनी सांगितलं होतं. मी गेले, बसले. पहिले चार दिवस ते फक्त हवापाण्याबद्दल बोलले. पाचव्या दिवशी मधलं कपाट उघडून एक फाइल काढली आणि पहिलंच पान दाखवलं. कोऱ्या कागदावर चिकटवलेली एक चिठ्ठी. वहीच्या पानाचा तुकडा, वर पेन्सिलने दोन ओळी आणि खाली एक आद्याक्षर.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सप्लायरला एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले. बोंबाबोंब झाली तेव्हा सगळी बोटं काकांकडे. तेव्हाच्या एका पार्टनरने त्यांना तोंडी सांगून तो दुसरा चेक काढायला लावला होता आणि नंतर ते साफ नाकबूल केलं. काकांच्या नशिबाने पार्टनरने निरोप चिठ्ठीवर पाठवला होता. ती शर्टाच्या खिशात राहिली, धुण्यात जाता जाता वाचली. त्या चिठ्ठीमुळे काकांची नोकरी राहिली.

"अगं, त्या चिठ्ठीवर माझ्या मुलीचं इंजिनिअरिंग झालं," काका म्हणाले. "तेव्हापासून या ऑफिसात जो कागद माझ्या हातून गेला, त्याची झेरॉक्स या कपाटात आहे. आता तू सांग. हे सगळं उचलून मी तुझ्या त्या ढगात टाकू? आणि उद्या पुन्हा माझ्यावर आलं तर ढगाला विचारू?"

यावर तोंडातोंडी उत्तर देण्यात अर्थ नव्हता. मी वही मिटली आणि पुढचे दोन आठवडे आमच्या आयटीवाल्या मुलाबरोबर बसून काकांच्या त्या एका प्रश्नाचं उत्तर तयार केलं. कागद ज्याने आत टाकला त्याचं नाव आणि तारीख त्याला कायमची चिकटणार. नंतर कुणी त्यात बदल केला तर जुनी प्रत तशीच राहणार. डिलीट करायचा हक्क एकट्याला कुणालाच नाही, अगदी सरांनाही नाही. कागद नष्ट करायचा तर दोन सह्या लागणार आणि त्यातली एक, ज्या खात्याचा कागद त्या खात्याची. हे मी काकांना छापून नेऊन दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि पेनने एक ओळ वाढवली, 'तोंडी आदेशाची नोंद त्याच दिवशी करता आली पाहिजे.' ती ओळ आज आमच्या नियमावलीत तशीच्या तशी आहे. मला विचाराल तर त्यातलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच.

रेकॉर्ड मॅनेजमेंटचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 15489. ते 2001 मध्ये आलं आणि 2016 मध्ये सुधारलं गेलं. त्याचा गाभा हाच, की रेकॉर्ड म्हणजे व्यवहाराचा पुरावा, आणि तो कुणी, कधी केला हे शाबूत राहिलं तरच त्याला किंमत. काकांनी ते मानक वाचलेलं नव्हतं. त्यांनी चिठ्ठी जपली होती.

तरीही कपाटं उघडली नाहीत हं! काका हसून बोलायला लागले, एवढंच. कपाटं उघडली ती वेगळ्याच कारणाने.

फेब्रुवारीत काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नेमकं त्याच आठवड्यात एका हॉस्पिटलच्या कामाच्या रिटेन्शनसाठी क्लायंटने कम्प्लीशन सर्टिफिकेट मागितलं. मार्चएंडच्या आत दिलंत तर पैसे, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. काम होऊन तीन वर्षं होत आली होती आणि झालेल्या कामाच्या पैशांसाठी कोर्टात जायची मुदत साधारण तीनच वर्षं असते, त्यामुळे सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. चार दिवस आम्ही अख्खं ऑफिस उलटं केलं. साइट इंजिनिअर नोकरी सोडून दुबईला गेलेला, त्याचा जुना लॅपटॉप फॉरमॅट झालेला. शेवटी धीर करून काकांना फोन लावला. एका डोळ्यावर पट्टी, आवाज शांत. "दुसरं कपाट. खालून दुसरा कप्पा. बिस्किटाच्या डब्यामागे हिरवी फाइल. पण चावी माझ्याकडे आहे."

आमचा ऑफिसबॉय स्कूटरवरून सहकारनगरला जाऊन चावी घेऊन आला. सर्टिफिकेट सापडलं, पैसे आले. सोमवारच्या मीटिंगमध्ये सर काकांचं कौतुक करायला लागले. काळा चष्मा लावून बसलेल्या काकांनी त्यांना मध्येच थांबवलं. "साहेब, मी आठवडाभर पट्टी बांधून पडलो तर चार दिवस गेले. पुढच्या मार्चनंतर काय कराल?"

कुणी काही बोललं नाही. मीटिंग संपल्यावर काका माझ्या टेबलाशी आले आणि लाल दोरा खाली ठेवला. "एकेक कप्पा काढू. माझ्यासमोर काढायचा. आणि नावं मी सांगेन तीच द्यायची."

नावांचं त्यांचं म्हणणं फार बरोबर होतं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कामाला एक कोड होता, अक्षरं आणि आकड्यांची आगगाडी. ऑफिसात मात्र सगळे म्हणतात 'हिंजवडीचं हॉस्पिटल', 'चाकणची पेंट फॅक्टरी'. माणूस ज्या नावाने शोधतो तेच नाव फायलीला नको? "बारशाला नाव आई-बाप ठेवतात, मंडप डेकोरेटर नाही," हे काकांचं त्यावरचं भाष्य. आता फोल्डरवर बोलीतलं नाव आणि कोड बारीक अक्षरात खाली. चौदा रकान्यांचे तीन केले: कुठलं काम, कसला कागद, तारीख. टिंब टाकायला जागाच उरली नाही.

सहा गठ्ठे

कपाटं उपसताना दुपारी डबा खायला बसलो की काका त्यांच्या मिसेसच्या नोकरीच्या गोष्टी सांगायचे. त्या तहसील कचेरीतून रिटायर झाल्या. त्यांच्याकडून मला सहा गठ्ठे पद्धत कळली आणि मी चाट पडले. 1980 च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, कलेक्टर अनिलकुमार लखिना यांनी कचेरीच्या कामाची घडी बसवली. ती पुढे 'लखिना पॅटर्न' म्हणून गाजली. त्यातली साधी गोष्ट म्हणजे प्रत्येक टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे. निर्णयासाठी हातात असलेली प्रकरणं, दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघणारी, ठरावीक काळाने पाठवायची विवरणपत्रं, कायम लागणारे आदेश, अभिलेख कक्षात धाडायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. शिवाय अ, ब, क, ड असे वर्ग. 'अ' म्हणजे कायम जपायचं, 'ड' म्हणजे थोडक्या दिवसांचं आयुष्य.

आपण सरकारी ऑफिसच्या लाल फितीवर जोक मारतो आणि स्वतःच्या डेस्कटॉपवर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर 2' अशी रांग लावतो. कचेरीतल्या क्लार्ककडे चाळीसेक वर्षांपूर्वीपासून जे होतं ते आमच्या एमबीए झालेल्या सेल्स मॅनेजरकडे आजही नाही. मी विदेशी टेम्प्लेट बाजूला ठेवलं आणि आमच्या ऑफिससाठी सहा गठ्ठे केले. नाव तेच ठेवलं. गंमत म्हणजे 'रिटेन्शन शेड्यूल' म्हटल्यावर जी मंडळी मोबाइल बघत बसायची, ती 'तुझा तिसरा गठ्ठा किती साठलाय?' असं एकमेकांना विचारायला लागली.

तसं बघितलं तर हे आपल्या रक्तातच असायला हवं. फडणीस, चिटणीस, पोतनीस, दफ्तरदार... आपली निम्मी आडनावं म्हणजे रेकॉर्ड आणि हिशेब सांभाळणाऱ्यांची डेसिग्नेशन्स! शाळेच्या बॅगेलाही आपण दप्तरच म्हणतो. पुण्यातल्या पेशवे दफ्तरात मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत आणि ते तसे राहिले म्हणूनच गो. स. सरदेसाईंना 1930 च्या दशकात त्यांतून निवडक कागदांचे 45 खंड काढता आले. असो, फार लांब गेले.

सर आणि श्रेडर

आता वरच्या मजल्याकडे येऊ. सरांचा पाठिंबा पहिल्यापासून होता, असं तुम्हाला वाटत असेल. होता की! पण सरांची कल्पना अशी, सगळं स्कॅन करायचं, कपाटं विकायची आणि त्या जागी कॉन्फरन्स रूम करायची. त्यांनी श्रेडरचं कोटेशनसुद्धा मागवलं. आणि त्याच सुमाराला चाकणच्या एका कामावर एक्स्ट्रा आयटमवरून क्लायंटशी आमचा वाद चालू होता. वकिलाची नोटीस येऊन पडलेली.

तेव्हा मी सरांना ऑर्थर अँडरसनची गोष्ट सांगितली. एन्रॉन म्हटलं की आपल्याला दाभोळ आठवतं. त्याच एन्रॉनचे ऑडिटर म्हणजे ऑर्थर अँडरसन, जगातल्या पाच बड्या अकाउंटिंग कंपन्यांपैकी एक. त्यांच्याकडे कागद कधी नष्ट करायचे याचं धोरण होतं. पण एन्रॉनचं बिंग फुटायच्या बेताला आलं तेव्हा, ऑक्टोबर 2001 मध्ये, कंपनीच्या वकिलाने 'आपलं धोरण आहे, ते पाळा' अशी आठवण करून देणारी ईमेल पाठवली आणि ह्यूस्टनच्या ऑफिसात कागद फाडायची झुंबड उडाली. 2002 मध्ये कंपनी दोषी ठरली. 2005 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल एकमताने रद्द केला. पण तोवर क्लायंट गेले होते, माणसं गेली होती आणि ऑडिटचा धंदा संपला होता. एरवी कागद फाडणं हा गुन्हा नाही, फाडलाच पाहिजे. पण वाद दारात उभा असताना श्रेडर विकत आणलात तर कुठल्याही वकिलाला दुसरा पुरावा शोधावा लागत नाही.

सर गप्प झाले. श्रेडरचं कोटेशन मागे पडलं आणि 'वादातला कागद हलवायचा नाही, त्याची मुदत संपली असली तरी' हा नियम आला. आपल्या कायद्यातही हे आहेच. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावी लागतात, पण अपील चालू असेल तर निकाल लागल्यावर आणखी एक वर्ष, यातलं जे उशिरा संपेल ते. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर्स आठ आर्थिक वर्षं. काकांना हे सगळं तोंडपाठ होतं. "आठ वर्षं ठेवायचं तर मी एकतीस वर्षांचं का ठेवलंय, असंच ना?" त्यांनीच विचारलं आणि एका शनिवारी एकट्याने बसून जुन्या चहापाण्याच्या व्हाउचरांचे चार गठ्ठे बाहेर काढले. दोन सह्यांपैकी पहिली त्यांची. चिठ्ठीची फाइल त्यांनी घरी नेली. मी रजिस्टरमध्ये तशी नोंद केली.

'सगळं स्कॅन करून एकाच सर्व्हरवर' या कल्पनेलाही स्टोअरच्या मामांनी एका वाक्यात ब्रेक लावला, "मंत्रालय विसरलात का?" 21 जून 2012 ची ती आग, जळालेल्या फायली, टीव्हीवरचा तो धूर सगळ्यांनाच आठवला. सर्व्हरची एक प्रत आता दुसऱ्या शहरात असते. बजेट त्याच दुपारी मंजूर झालं. हेच मी स्लाइडवर मागितलं असतं तर सहा महिने लागले असते.

सरांनी एक काम मात्र फार चांगलं केलं आणि त्याचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. पहिल्या 'गठ्ठा शनिवारी' त्यांनी सर्क्युलर काढलं नाही, स्वतःचा ड्रॉवर सगळ्यांसमोर रिकामा केला. त्यात 2016 मध्ये मुदत संपलेली एक ओरिजिनल बँक गॅरंटी, दोन परक्या कंपन्यांचे शिक्के आणि मुलाचं तिसरीचं प्रगतीपुस्तक निघालं. ऑफिस जे हसलंय! त्यानंतर कुणाला चावी मागायला लाजायला झालं नाही.

अजून काय बाकी

एचआरची मुलगी सगळ्यात सोपी जाईल असं वाटलं होतं, पण तिच्याकडे दहा वर्षांचे सीव्ही आणि आधारकार्डांच्या झेरॉक्स निघाल्या. नोकरी न मिळालेल्या माणसांच्यासुद्धा! 'कधीतरी लागतील' हे कारण. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याची दिशा नेमकी उलटी आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवायची गरज नसेल तर ती पुसा. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी 18 महिन्यांची मुदत मिळाली. मी तिला एवढंच विचारलं, की आपण सोडून आलेल्या आधीच्या कंपन्यांत आपल्या आधारची झेरॉक्स आज कुणाच्या ड्रॉवरमध्ये असेल? तिने त्याच आठवड्यात यादी करायला घेतली.

सेल्सचा हिरो अर्धाच आलाय. क्लायंटची कोटेशनं तो आता कंपनीच्या जागेत ठेवतो, कारण 'हा क्लायंट आधी कुणी आणला' या इन्सेंटिव्हच्या भांडणात तारखेमुळे एकदा तोच जिंकला. पण नंबरांची डायरी त्याच्या बॅगेतच असते आणि खरं सांगू, त्याच्या जागी असते तर मीही ती लगेच दिली नसती. उद्या नोकरी बदलायची झाली तर त्याच्याजवळ दुसरं काय आहे?

टेंडरवाली ताई कामावर परत आली. तिसऱ्या आठवड्यात बाळाला ताप आला म्हणून दोन दिवस घरी राहिली. संध्याकाळी तिचाच मला मेसेज, 'एकही फोन नाही. सगळं ठीक आहे ना ऑफिसात?'

सगळ्यात अवघड खातं अजून बाकी आहे ते साइटचं. तिथे मेजरमेंट शीटवर सही होते, तिचा मोबाइलवर फोटो निघतो आणि तो 'चाकण साइट फॅमिली' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो, गुड मॉर्निंगच्या फुलांच्या आणि कुणाच्या तरी पुतण्याच्या बर्थडेच्या मध्ये. इंजिनिअर म्हणतो, "ताई, उन्हात उभं राहून तीन रकाने कोण भरणार?" त्याचं बरोबर आहे. म्हणून आता ठरलंय की रोज संध्याकाळी साडेसहाला स्टोअरचे मामा प्रत्येक साइटला फोन करणार आणि त्या दिवसाचे फोटो स्वतः जागेवर लावणार. काका रिटायर व्हायच्या आधी मामांना त्या कामात तयार करतायत. काल दोघं 'हिंजवडीचं हॉस्पिटल' की 'हॉस्पिटल, हिंजवडी' यावरून पाऊण तास भांडत होते.